कासाराने धरलेला हात

मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाका. आपण जिथे निघालोय तिथे त्याचा काही उपयोग नाही. अंबरनाथ स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडा, शिवमंदिराची वाट धरा आणि भराभर चाला. पहिल्या वळणाला रिक्षांचा कलकलाट मागे पडेल. दुसऱ्या वळणाला उंच इमारती नाहीशा होतील आणि त्यांच्या जागी कौलारू चाळी, बाभळी, कापणी झालेली भातखाचरं दिसू लागतील. आता श्वास घ्या. कोळशाच्या शेगडीचा धूर, टांग्याच्या घोड्याची लीद, उकडलेल्या रताळ्यांचा गोडसर वास. तुम्ही १९७४च्या महाशिवरात्रीला येऊन पोहोचलात.

प्रवासाची एक अट आहे. तुम्ही पुरुष असलात तरी आजच्यापुरत्या बाई आहात. वय पस्तीस, अंगावर धुवट पातळ, हातात तांब्या. नवरा विमकोत, म्हणजे काडेपेट्यांच्या कारखान्यात कामाला. घरी सासूबाई आणि दोन मुलं. ही अट उगाच घातलेली नाही. ज्या आजाराच्या मागावर आपण आहोत तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त प्रमाणात होतो, आणि बहुतेकदा ऐन संसारात, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान.

मंदिराची रांग पहाटेपासून लागलेली. पुढच्या बाईचा अंबाडा तुमच्या नाकाशी, मागच्या म्हातारीचं कोपर तुमच्या पाठीत. पायांखाली बेलाची पानं तुडवली जाताहेत, वालधुनीकडून ओलसर वारा येतोय, उन्हाने डोकं तापलंय. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या दगडी भिंतींवरच्या अप्सरा गर्दीकडे बघत स्थिर उभ्या आहेत. रांग सरकते आणि तुम्ही गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरू लागता. दोन पायऱ्यांत ऊन संपतं. चार पायऱ्यांत दगडाचा गारवा तळव्यांतून वर चढतो. खाली पोहोचता, तांब्यातलं थंडगार पाणी पिंडीवर ओतता, आणि तुमची बोटं जातात.

म्हणजे असतात जागेवरच, पण तुमची राहत नाहीत. आधी टोकापासून पेरापर्यंत पांढरीफटक, रक्ताचा थेंबही नसल्यासारखी. तांब्या हातातून निसटून दगडावर आदळतो. वर येईपर्यंत तीच बोटं निळी झालेली असतात. उन्हात धरलीत की लाल होतात आणि मग अशी आग, असा ठणका, की तुम्ही त्यांना काखेत दाबून धरता. थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जाण्याचा हा प्रकार. मोरिस रेनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तो १८६२मध्येच लिहून ठेवलाय. पण ते जत्रेत तुम्हाला कोण सांगणार? सासूबाई म्हणतात, "उपासाने चक्कर आली असेल गं. चल, बांगड्या भर."

कासाराच्या दुकानापुढे बसा. लाखेचा वास, काचेची किणकिण, पोरांच्या पिपाण्या. कासार तुमचा हात हातात घेतो, अंगठा आत दुमडतो, करंगळीखालचा मांसल भाग चेपतो. आयुष्यभर तो बायकांचे हात चेपत आलाय; कुठला हात किती दबतो हे त्याला डोळे मिटून कळतं. आज तो थांबतो. पुन्हा चेपतो. मग तुमच्या बोटावरची कातडी चिमटीत धरायला जातो आणि ती चिमटीत येत नाही. ढोलकीवर ताणून बसवलेल्या पुडीसारखी ती घट्ट आहे, वर चकचकीत, पेरांवरच्या सुरकुत्या पुसून गेलेल्या.

"वहिनी, गेल्या वर्षीचं माप चढत नाही. हात दबतच नाही. दवाखान्यात दाखवा," तो हळू आवाजात म्हणतो. या दुखण्याची पहिली तपासणी झाली, आणि ती कासाराने केली.

आता चाळीत या. संध्याकाळ आहे, सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग. डोंगर जवळ असल्याने बदलापूर-अंबरनाथची थंडी मुंबईपेक्षा बोचरी. राखेने भांडी घासताना पाण्याचा प्रत्येक स्पर्श सुईसारखा लागतो. उजव्या तर्जनीच्या टोकाला एक बारीक जखम आहे, महिना उलटला तरी भरत नाही. जेवायला बसलात की भाकरीचा घास छातीत अडकतो. वर पाणी पिऊन तो खाली ढकलावा लागतो. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. नळावरच्या बायका तुमच्या हाताकडे बघतात आणि हंडा जरा बाजूला सरकवतात. कुणीतरी कुजबुजतं, "महारोग असेल. वडाळ्याच्या अॅकवर्थला नेऊन ठेवतील." त्या रात्री तुम्हाला झोप लागत नाही. बोटांच्या दुखण्यापेक्षा मुलांना जवळ घ्यावं की नाही, या प्रश्नाने तुम्ही जाग्या राहता.

नाक्यावरचे डॉक्टर हात उलटसुलट करून बघतात आणि चिठ्ठी लिहून देतात: केईएम, परळ.

सकाळची लोकल. पुठ्ठ्याचं छोटं, जाड तिकीट मुठीत धरा. बायकांच्या डब्यात शिरताना पायरीवर कोणाचा तरी पाय आहे, दांड्यावर पाच हात आधीच आहेत. उल्हासनगर येतं. खिडकीतून लष्करी छावणीच्या जुन्या बराकी दिसतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी त्यांत संसार थाटले आणि भिंतींना भिंती जोडत गाव उभं केलं. सिंधी बायका डबे-पिशव्या घेऊन चढतात, आणि डब्यात काळी मिरी नि हिंग घातलेल्या पापडाचा वास भरतो. विठ्ठलवाडी, कल्याण. आता श्वास घ्यायलाही जागा नाही. मग पारसिकचा बोगदा. एकदम काळोख, चाकांचा खणखणाट दुप्पट, खिडकीतून थंड वाऱ्याचा लोट. तुमची बोटं पुन्हा पांढरी. शेजारची म्हातारी ते बघते, काही न विचारता तुमचे दोन्ही हात आपल्या शालीत ओढून घेते आणि चोळू लागते. "ठंड लग गई, बेटी." नळावर हंडे सरकवणारी माणसं याच पट्ट्यातली, आणि ही शालही इथलीच.

परळला उतरलात की गिरणगाव अंगावर येतं. चिमण्या, भोंगे, पहिली पाळी आत जातेय, हवेत कापसाचे तंतू. केईएमच्या दगडी इमारतीत पाऊल टाका. १९२६पासून या दारातून मुंबईच्या आसपासची सगळी दुखणी आत येत आली आहेत. फिनेलचा उग्र वास, ओल्या छत्र्या नसल्या तरी ओलसर गर्दी, केसपेपरच्या खिडकीपुढे तीन रांगा आणि त्यांतली आपली कुठली याचा पत्ता नाही. वॉर्डबॉय ओरडतोय, मावशी स्ट्रेचर ढकलतेय, कुणाचं तरी मूल रडून रडून थकलंय. केसपेपर मिळतो. लाकडी बाकावर टेकायला जागा मिळते. रात्रीची झोप झालेली नाही. डोळा लागतो.

आणि प्रवास आणखी दोनशे वर्षं मागे घसरतो.

तुम्ही नेपल्समध्ये आहात, इटलीच्या दक्षिणेला. इथलीही हवा दमट, समुद्राची खारट, रुग्णालयात तेलाच्या दिव्यांचा आणि घामाचा वास. खाटेवर सतरा वर्षांची मुलगी: पात्रिझिया गालिएरा. मानेची, चेहऱ्याची, साऱ्या अंगाची कातडी कडक. तोंड जेमतेम उघडतं. कार्लो कुर्झिओ नावाचे डॉक्टर तिच्या अंगावरून बोटं फिरवताहेत, दाबून बघताहेत, कातडी कुठे सरकते आणि कुठे सरकत नाही ते नोंदवताहेत. त्यांच्याजवळ दुसरं साधन काय आहे? उपचार म्हणून कोमट दुधाने अंघोळ, वाफ, पायातून रक्त काढणं आणि थोडाथोडा पारा. खोलीत उकळत्या दुधाची साय आणि वाफ मिसळलेला जड वास आहे, तुम्हाला गुदमरतं. कुर्झिओंनी १७५३मध्ये तिची हकिकत छापली. कातडी कडक होण्याच्या या आजाराच्या इतिहासात पहिलं पान म्हणून तीच दाखवतात. मुलगी पुढे बरीच सुधारली, म्हणून आजच्या काही अभ्यासकांना तिचा आजार वेगळा, स्क्लेरेडीमा नावाचा, असावा असं वाटतं. पण रोग्याच्या कातडीवर हात ठेवून, इंचाइंचाने तपासून लिहायची रीत तिथे दिसते.

"पुढचा नंबर!"

दचकून उठा. परत परळ. आत टेबलामागे ऑनररी, म्हणजे मानद तज्ज्ञ डॉक्टर बसलेत, बाजूला हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. इतक्या माणसांपुढे हात पुढे करायची लाज वाटते, पण डॉक्टर हात धरतात आणि त्यांचा हात ऊबदार असतो. ते बोटावरची कातडी चिमटीत धरायला बघतात. मग पंजा, मनगट, कोपराखालचा भाग, दंड, चेहरा, छाती. कासाराने केलं तेच, पण क्रमाने, सगळ्या अंगावर.

प्रश्न सुरू होतात. थंड पाण्यात बोटं रंग बदलतात का? घास अडकतो का? रात्री आडवं पडल्यावर आंबट वर येतं का? जिना चढताना दम लागतो का? मशेरी लावता का? तुम्ही मान खाली घालता. लावता. "आजपासून बंद. तंबाखूने त्याच रक्तवाहिन्या आणखी आवळतात." दगडाच्या खाणीत काम केलंय का? दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांमध्ये हा आजार आढळल्याची नोंद १९५७ची आहे. दगडाच्या बारीक धुळीशी त्याचा संबंध डॉक्टरांना ठाऊक आहे.

मग ते कापसाचा बोळा आणि टाचणी मागवतात. "डोळे मिटा. लागलं की हो म्हणा." कापूस: हो. टाचणी: हो. प्रत्येक बोटावर, मनगटावर, गालावर. हो, हो, हो. डॉक्टर मान हलवतात. "महारोगात चट्ट्यावरची जाणीव जाते. तुम्हाला सगळं कळतंय. हा महारोग नाही. कुणालाही लागत नाही. मुलांना खुशाल जवळ घ्या." तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं आणि विद्यार्थी खिडकीबाहेर बघू लागतात.

केसपेपरवर एक शब्द लिहिला जातो: स्क्लेरोडर्मा. हाऊसमन तुम्हाला समजावतो. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच बिथरते. बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. आणि जखम भरून काढणारा कोलॅजन नावाचा धागा गरज नसताना विणला जाऊ लागतो, थांबतच नाही. कातडीत तो दिसतो. पण अन्ननलिकेत, फुप्फुसांत, हृदयात, मूत्रपिंडांतही या आजाराची झळ पोहोचू शकते.

म्हणून तपासण्या. पाऱ्याच्या यंत्राने रक्तदाब, दंडावर पट्टा आवळतो. क्ष-किरणांच्या अंधाऱ्या खोलीत बेरियमचा पांढरा, खडूसारखा घोट. तो छातीत किती हळू उतरतो ते पडद्यावर दिसतं. छातीचा फोटो. कातडीचा छोटा तुकडा. यापलीकडे १९७४मध्ये आत डोकावण्याच्या वाटा थोड्या आहेत.

शेवटी फिजिओथेरपीचा विभाग. १९५३मध्ये इथे सुरू झालेली या विषयाची शाळा देशातली पहिली. एका टाकीत पातळ केलेलं मेण. हात बुडवा, काढा, पुन्हा बुडवा. ऊब हाडापर्यंत झिरपते, बोटं कित्येक महिन्यांनी सैल होतात आणि मेणाच्या वासात तुम्ही पहिल्यांदा हसता.

पण जिन्याखाली दोन हाऊसमन बोलताहेत तेही ऐका. त्यांना कातडीची तितकी धास्ती नाही. धास्ती आहे ती एखाद्या दिवशी रक्तदाब अचानक भडकून मूत्रपिंडं बंद पडण्याची. तसं झालं की १९७४मध्ये डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, महिन्यांत जातात. ज्या गोळीने हे चित्र पालटलं, त्या कॅप्टोप्रिलने असे रुग्ण वाचल्याचं पहिल्यांदा १९७९मध्ये छापून आलं. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून त्या औषधाची वाट सापडली होती. तुमच्या बाकापासून ती गोळी पाच वर्षं लांब आहे.

चला, परतीची गाडी पकडा. बोगद्यातून बाहेर पडाल तेव्हा पातळ गेलेलं असेल, पिशवीच्या तळाशी मोबाइल वाजत असेल आणि डबा एसी असेल. हाताकडे बघा. एसीच्या झोताखाली बोटं पांढरी पडली का?

पडली तर घाबरू नका. ज्यांची बोटं थंडीत अशी रंग बदलतात त्यांतल्या बहुसंख्यांना स्क्लेरोडर्मा कधीच होत नाही. पण तिशीनंतर हे नव्याने सुरू झालं असेल, सोबत बोटं सुजत असतील, अंगठी-बांगडी चढत नसेल, टोकाला न भरणारी जखम असेल, घास अडकत असेल किंवा दम लागत असेल, तर संधिवाततज्ज्ञाला, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. "माझे सांधे तर दुखत नाहीत, मग तिथे कशाला?" असं मनात येईल. तरीही तिथेच जा. हा आजार ओळखणं आणि सांभाळणं हे त्यांचं काम आहे. मुंबईच्या मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतही संधिवाताची ओपीडी भरते. कुठल्या वारी, ते आधी विचारून पहिली गाडी धरा.

तिथेही डॉक्टर आधी तुमचा हातच धरतील. कासाराची ती चिमूट आता मापात बसवली आहे: अंगावरच्या सतरा जागा, प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त ५१. दर भेटीत हा आकडा लिहिला जातो आणि कातडी घट्ट होतेय की सैल, ते कळतं. नखाच्या मुळाशी भिंग लावून केसाहून बारीक रक्तवाहिन्या बघता येतात. रक्तात एएनए आणि मग सेंट्रोमिअर, एससीएल-७०, आरएनए पॉलिमरेज-३ अशा प्रतिपिंडांची तपासणी होते; कोणत्या अवयवावर जास्त लक्ष ठेवायचं त्याचा अंदाज त्यातून येतो. फुप्फुसांसाठी फुंकर मारायची पीएफटी आणि एचआरसीटी नावाचा बारकाईचा सीटी स्कॅन, हृदयासाठी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तुम्हाला काहीच त्रास जाणवत नसताना या तपासण्या सांगितल्या तर टाळू नका. त्रास जाणवायच्या आधी बघणं, हेच १९७४च्या त्या डॉक्टरांना जमत नव्हतं.

जाताना तयारी करून जा. बोटं पांढरी-निळी पडतील तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांसमोर ती नेमकी गुलाबी असतात. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, सर्दीच्या आणि काढ्याच्यासुद्धा. कारखान्यात रसायनांशी, द्रावकांशी किंवा दगडाच्या धुळीशी संबंध येत असेल तर ते आवर्जून सांगा; अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात हे सांगणं फार महत्त्वाचं. आणि विचारा: माझा प्रकार मर्यादित आहे की पसरणारा? फुप्फुसं कशी आहेत? घरी रक्तदाब किती वेळा मोजू? कितीच्या वर गेला तर लगेच यायचं?

आज आजार मुळासकट काढणारं औषध नाही, पण हातात पुष्कळ आहे. बोटांचा रक्तपुरवठा सुधारणाऱ्या निफेडिपिनसारख्या गोळ्या, कातडी आणि फुप्फुसांसाठी मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड, रिटुक्झिमॅब, फुप्फुसं आखडण्याचा वेग कमी करणारं निन्टेडॅनिब. कोणाला कुठलं द्यायचं ते तज्ज्ञ ठरवतील. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड मात्र घेऊ नका. मोठ्या मात्रेत त्याने मूत्रपिंडांचं तेच संकट ओढवू शकतं. मशेरी, तंबाखू, विडी आजच बंद. बोटांइतकंच सगळं अंग उबदार ठेवा, कारण अंग गारठलं की बोटंही गारठतात. थोडं थोडं जेवा, आणि खाटेची उशाकडची बाजू उंच करा.

आणि एक काम सगळ्यांसाठी, ज्यांना काही झालेलं नाही त्यांच्यासाठी. घरातल्या बाईच्या बांगड्या चढेनाशा झाल्या, थंड पाण्यात तिचा हात पांढरा पडायला लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. तिचा आजार कुणाला लागत नाही. तिच्यापासून हंडा सरकवू नका. रक्तदाब मोजायचं यंत्र घरी आणा, तज्ज्ञाची वेळ घ्या, आणि पहिल्या भेटीला तिच्यासोबत जा.